मध्यम अंतराची धाव, प्रौढ गट (गोवा)

पस्तिशी ओलांडलेल्या धावपटूंच्या ८०० व १,५०० मी. शर्यती. वयोगट पाच-पाच वर्षांचे असून स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचे वय धरतात.

उगमाबद्दल मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये १९३१ च्या सुमारास ‘व्हेटरन’ (ज्येष्ठ) धावपटूंचा क्लब निघाला, म्हणून काही जण श्रेय तिकडे देतात. तथापि सॅन दिएगोचे वकील डेव्हिड पेन साधारण १९६६ पासून चाळिशीपुढच्यांसाठी एक मैलाची शर्यत भरवीत. १९६८ मध्ये तिथेच अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा झाली. प्रौढ गटाचे ‘मास्टर्स’ हे नाव आणि आजची स्पर्धापद्धती या मैलाशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिली जागतिक स्पर्धा टोरांटोला १९७५ मध्ये झाली. जागतिक संघटना १९७७ ची, तिच्या नावातील ‘व्हेटरन’ २००१ मध्ये गेले.

वेग का घटतो, हा खरा वादाचा मुद्दा. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात सुमारे १० टक्के घटते, हा आकडा मुख्यतः बैठ्या लोकांवरून आलेला. सराव टिकवणाऱ्यांत ही घट निम्म्यावर राहते असे १९८० च्या दशकात मानले जाई. नंतरच्या पाहण्यांत सराव कमी होताच फरक पुसट झाला. घटीचा बराच वाटा वयाचा नसून मोडलेल्या सरावाचा असावा. हृदयाच्या कमाल ठोक्यांसाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्रास वापरतात. २००१ मधील ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र साठीला १६० ऐवजी १६६ देते आणि ज्येष्ठांना अधिक लागू पडते. ८०० मीटरला मात्र जलद स्नायुतंतूंची झीज आणि आखडणारी ढांग अधिक नडते. वेगवेगळ्या वयांच्या वेळा ताडण्यासाठी १९८९ पासून वयगुणक-तक्ते आहेत. एकेचाळिसाव्या वर्षी बंदिस्त ट्रॅकवर मैल ३:५८.१५ मध्ये धावलेला आयरिश एमन कॉघलन (१९९४) हे वयातही वेग टिकवल्याचे नेहमीचे उदाहरण.

गोव्यात बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर २०१४ च्या ल्युसोफोनिया (पोर्तुगीज भाषेचा वारसा असलेल्या देशांच्या) खेळांतील आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतील धावण्याच्या शर्यती झाल्या. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. दोन-तीन मिनिटांच्या शर्यतीत त्याने फारसे बिघडत नाही, पण सरावात फेऱ्यांमागून फेऱ्या मारताना उष्णता साठत जाते. मधली विश्रांती लांबवावी लागते. मिरामारला सुकतीच्या वेळची ओली, घट्ट वाळू बरी. भुसभुशीत वाळूत धावायला सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, त्यामुळे तिथल्या वेळेवरून ट्रॅकचा अंदाज बांधू नये.