ढगात शिरल्यावरची १७८ सेकंदं

नव्या वैमानिकांना सुरक्षेचे धडे देताना एक आकडा हमखास सांगितला जातो: १७८ सेकंद. उपकरणं वाचून उडायचं शिक्षण न घेतलेला वैमानिक ढगात शिरला, तर सरासरी एवढ्या वेळात विमान त्याच्या हातून सुटतं. आकडा खरा आहे. पण तो ज्या प्रयोगातून आला त्याची अर्धीच गोष्ट पुढे आली, आणि माझ्या मते उरलेली अर्धी जास्त कामाची होती.

मुळात असं काही होतं हेच कळायला बरीच वर्षं गेली. विमानांच्या पहिल्या दोन दशकांत चांगला वैमानिक म्हणजे ज्याला विमान अंगात जाणवतं तो, अशी पक्की समजूत होती. वारा कोणत्या गालाला लागतोय, पंखांच्या तारा कशा वाजताहेत, बूड आसनावर कुठे सरकतंय, यावरून विमान सरळ आहे की कललंय ते ओळखता येतं असं मानत. स्वच्छ हवेत हे जमायचंही, कारण डोळे नकळत क्षितिज बघत असायचे. श्रेय मात्र बुडाला मिळायचं. अमेरिकेत टपाल वाहणाऱ्या वैमानिकांचं ते क्षितिज वारंवार हरवे. एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९२६ मध्ये, टपाल वाहणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गला रात्रीच्या खराब हवेत उतरायला जागा न सापडल्यामुळे दोनदा विमान सोडून पॅराशूटने उडी मारावी लागली होती.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर लष्करी डॉक्टर डेव्हिड मायर्स वैमानिकांची एक तपासणी करत होते. गोल फिरणारी खुर्ची, तीत डोळे मिटून बसलेला माणूस. खुर्ची फिरवायची, हळूहळू थांबवायची आणि विचारायचं, कुठल्या बाजूला फिरताय? खुर्ची थांबत आली की माणूस ठामपणे उलटी बाजू सांगायचा. विल्यम ऑकर हा मुरलेला वैमानिकही फसला. त्याला ते झोंबलं. त्याच्याकडे स्पेरी कंपनीचा टर्न इंडिकेटर होता, म्हणजे विमान वळतंय का हे जायरोच्या, वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या, आधारे दाखवणारी सुई. तो ती सुई एका बंद खोक्यात दिव्यासह बसवून घेऊन आला आणि खोक्यात डोकावून उत्तरं देऊ लागला. आता एकही उत्तर चुकेना. फिरण्याची जाणीव तीच होती, फक्त या वेळी त्याने तिच्याऐवजी सुईवर विश्वास ठेवला होता.

याचं कारण कानात आहे. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये द्रव असतो. डोकं फिरायला लागलं की द्रव क्षणभर मागे राहतो आणि मेंदूला वळण कळतं. पण तेच वळण एकाच वेगाने वीसेक सेकंद चालू राहिलं, की द्रव नळीचा वेग पकडतो आणि वळण जाणवेनासं होतं. वळण अगदी सावकाश सुरू झालं असेल तर ते मुळातच कळत नाही. ढगात नेमकं हेच घडतं. एक पंख हळूच खाली जातो, वैमानिकाला मात्र सगळं सरळ वाटतं. कललेल्या विमानाचं नाक खाली झुकतं, वेग वाढतो, उंची घटते. ते पाहून तो नाक वर ओढतो. विमान कललेलं असल्यामुळे त्या ओढण्याने उंची वाढत नाही, वळण तेवढं आणखी आवळतं. याला ग्रेव्हयार्ड स्पायरल, म्हणजे कबरस्तानाची गिरकी, म्हणतात आणि नाव अजिबात अतिशयोक्त नाही. यात वैमानिक घाबरून हातपाय गाळत नाही. तो शेवटपर्यंत त्याला बरोबर वाटणारी गोष्टच करत असतो.

उपकरणं तोवर येऊ लागली होती. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी लष्करी वैमानिक जिमी डूलिटलने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून बाहेरचं काहीही न बघता उड्डाण केलं, फेरी मारली आणि परत उतरला. विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज, उंची दाखवणारा अचूक अल्टिमीटर आणि रेडिओ यांच्या जोरावर हे जमलं. प्रवासी विमानं पुढे याच वाटेने गेली. हौशी वैमानिक मागे राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर खाजगी विमानं वाढली, वेगवानही झाली. १९४७ मध्ये आलेलं बीचक्राफ्ट बोनान्झा हे तर त्या काळातलं दिमाखदार यंत्र. पण ते चालवणाऱ्या कित्येकांना ढगात काय करायचं हे कोणी शिकवलेलंच नव्हतं.

म्हणून इलिनॉय विद्यापीठात लेस्ली ब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. १९५४ मध्ये त्याचा अहवाल आला. असे २० वैमानिक घेतले, त्यांना बोनान्झात बसवलं, बाहेरचं दिसेनासं केलं. शेजारी प्रशिक्षक, प्रकरण हाताबाहेर गेलं की विमान ताब्यात घ्यायला. विसांच्या विसांनी ताबा गमावला. १९ जण त्या गिरकीत गेले, एकाने नाक इतकं वर केलं की वेगच संपला. सर्वांत लवकर गेलेला २० सेकंदांत, सर्वांत जास्त टिकलेला ४८० सेकंद. सरासरी १७८.

पण माणसं किती वेळात संपतात हे मोजणं हा प्रयोगाचा हेतूच नव्हता. ढगात सापडलेल्याला मागे वळून बाहेर पडायला शिकवता येईल का, हा प्रश्न होता. शिकवलेली युक्ती साधी होती. चाकं खाली सोडा म्हणजे विमान सुसाट सुटणार नाही. इंजिनची ताकद कमी करा. ट्रिम, म्हणजे हात न लावता विमानाचं नाक एका पातळीत धरून ठेवणारी सोय, ठरलेल्या जागी आणा. आणि मग हात कंट्रोलवरून काढून घ्या. फक्त पायांनी रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, देत वळणाची सुई हवी तेवढी झुकवा, सेकंदं मोजा, अर्धं वर्तुळ झालं की सरळ व्हा. काही तासांच्या सरावानंतर त्याच लोकांपैकी जवळजवळ सगळे हे करू लागले. सगळ्यात अवघड काय असेल तर हात काढून घेणं. पुढे सुरक्षेच्या पत्रकांमध्ये १७८ सेकंदांची थरारक गोष्ट झाली आणि हातांचा भाग बहुतेक ठिकाणी गळून गेला.

त्यानंतरचे अपघात पाहिले तर उपकरण असणं आणि ते वापरता येणं यांतलं अंतर दिसतं. ३ फेब्रुवारी १९५९ च्या मध्यरात्रीनंतर आयोवातल्या क्लिअर लेकजवळ गायक बडी हॉली आणि त्याच्या साथीदारांचं विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच शेतात कोसळलं. तेही बोनान्झाच. वैमानिक २१ वर्षांचा, व्यावसायिक परवाना असलेला, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांवर उडायची परवानगी, नसलेला. हवामान बिघडत असल्याच्या ताज्या सूचना त्याच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. विमानातलं जायरोचं उपकरण नाक वर आहे की खाली हे त्याच्या सवयीच्या नेमकं उलटं दाखवायचं, असंही चौकशीत नोंदलं गेलं.

१६ जुलै १९९९ चं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनियर पत्नी आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे स्वतः विमान चालवत निघाला. गाठीला सुमारे ३१० तास, उपकरणांवरचं शिक्षण अर्धवट. वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. नियमांच्या हिशोबात हवा उडण्यासारखी होती. होती ती फक्त धुरकट हवा, अंधार आणि खाली काळं पाणी. तिन्ही मिळून क्षितिज गायब झालं. विमानात ऑटोपायलट होता. शेवटच्या क्षणांत विमान उजवीकडे आवळत्या वळणात मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगाने खाली येत होतं. तपासात कारण निघालं ते दिशाभ्रमाचं. खराब हवामान म्हटलं की आपल्याला गडगडाट आठवतो, इथे मात्र साधी धुरकट हवा पुरली.

आज अमेरिकेत खाजगी परवान्यासाठीही किमान ३ तास उपकरणांवरचं शिक्षण लागतं. काही नव्या विमानांत एक निळं बटण असतं, ते दाबलं की ऑटोपायलट पंख समतल करतो. परीक्षेच्या दिवशी परीक्षक उमेदवाराला डोक्यावर हूड चढवायला लावतो, बाहेरचं दिसेनासं होतं, आणि दिलेल्या दिशेला वळायला सांगतो. ठरलेल्या गतीने, सेकंदाला ३ अंश, तोंड उलट दिशेला फिरवायला बरोबर एक मिनिट लागतं.