एका जिल्ह्याचे विद्यापीठ आणि बारा जणांचा संघ

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले आणि सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठापासून वेगळी झाली. मैदानावर याचा परिणाम काय झाला, हे एका साध्या हिशेबातून कळते. भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या स्पर्धेत प्रत्येक विद्यापीठ एका खेळात पुरुषांचा एक आणि महिलांचा एक संघ उतरवते. विद्यापीठ चार जिल्ह्यांचे असो वा एकाच जिल्ह्याचे, नियम तोच. म्हणजे कबड्डीत कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर मिळून ज्या बारा जागांसाठी झुंजत होते, तितक्याच बारा जागा आता एकट्या सोलापूरच्या वाट्याला आल्या. सांगोला, करमाळ्याच्या महाविद्यालयातील जो चढाईपटू चार जिल्ह्यांच्या निवडीत पंधरावा-सोळावा ठरून घरी परतला असता, त्याच्या अंगावर विद्यापीठाची जर्सी आली. छोट्या सार्वजनिक विद्यापीठाचे खेळातील सर्वांत मोठे योगदान हेच आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

आंतरविद्यापीठ स्पर्धांची ही चौकट जुनी आहे. १९२५ मध्ये इंटर युनिव्हर्सिटी बोर्ड स्थापन झाले. १९७३ पासून तेच एआययू म्हणून ओळखले जाते. क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ मध्ये सुरू झाला, तर सर्व खेळांतील एकत्रित कामगिरीसाठी मौलाना आझाद करंडक १९५६-५७ मध्ये. बारिया करंडक सुरू झाला तेव्हा आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर मुंबई (१८५७) आणि नागपूर (१९२३) ही महाविद्यालयांना संलग्नता देणारी दोनच मोठी विद्यापीठे होती. पुढे पुणे १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी १९६२, अमरावती १९८३, उत्तर महाराष्ट्र १९९०, नांदेड १९९४, सोलापूर २००४ आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना २०११, अशी एकातून एक विद्यापीठे निघत गेली. प्रत्येक विभाजनाने खेळाडूंच्या जागा वाढवल्या, पण निवडीचा आवाका आणि क्रीडानिधी मात्र कमी केला. हा निधी मुख्यतः विद्यार्थ्यांच्या क्रीडा शुल्कातून उभा राहतो. विद्यार्थी कमी तर पैसा कमी. प्रवास, गणवेश आणि शिबिराचा खर्च मात्र मोठ्या विद्यापीठाइतकाच.

संघ तयार होण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी महाविद्यालयाचा संघ, मग झोनल म्हणजे विद्यापीठातील एकेका विभागाची स्पर्धा, मग इंटरझोनल म्हणजे त्या विभागा-विभागांतील स्पर्धा. तिथून संभाव्य खेळाडू निवडायचे, त्यांचे सराव शिबिर घ्यायचे आणि शेवटी बारा नावे नक्की करायची. पुढे पश्चिम विभागीय स्पर्धा. त्यासाठी महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश असा कुठेही प्रवास घडतो. सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या असतात आणि शेवटचे चार संघ साखळी सामने खेळून अखिल भारतीय स्पर्धेत जातात. त्यामुळे रात्रभर रेल्वेने जाऊन चाळीस मिनिटांच्या एका सामन्यानंतर परतावे लागणे नवख्या संघांच्या नशिबी वारंवार येते.

मात्र बरेच संघ मैदानाबाहेरच अडखळतात. वय १ जुलै रोजी १७ ते २५ च्या दरम्यान हवे, बारावीनंतर आठ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, विद्यार्थी नियमित व पूर्णवेळ असावा. पात्रता अर्जासोबत दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका लागतात. मूळ प्रती घरी राहतात, गुणपत्रिकेवरचे आणि आधारवरचे नाव जुळत नाही, शिक्षणातील खंडाचा पुरावा नसतो. म्हणून कागद शिबिराच्या पहिल्याच दिवशी तपासावेत; शेवटच्या दिवशी त्रुटी सापडली तर बदली खेळाडूचा सरावच झालेला नसतो. कबड्डीत वजनाचाही प्रश्न असतो. मुलांसाठी ८५ किलो, मुलींसाठी ७५ किलो ही मर्यादा आहे. शिबिरात ८४.५ किलो भरलेला बचावपटू प्रवासातल्या खाण्याने काट्यावर अडकतो. दीड-दोन किलोची मोकळीक ठेवून रोज सकाळी वजन करणे हाच उपाय.

दुसरी अडचण पृष्ठभागाची. सोलापूर जिल्ह्यात खो-खोची परंपरा जुनी आहे. वेळापूर हे गाव तर त्यासाठीच ओळखले जाते. पण गावोगावचा सराव मातीवर आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर. मातीत घसरत जाणारा सूर मॅटवर मारला की कोपर-गुडघे सोलतात. कबड्डीत अनवाणी खेळण्याची सवय असलेल्या मुलाचा बूट मॅटला घट्ट धरतो. वळताना पाय जागीच राहतो, शरीर फिरते आणि गुडघ्याला मार बसतो. त्यामुळे संपूर्ण मॅट मिळाला नाही तरी शेवटचा आठवडा काही तुकड्यांवर बूट घालून वळण्याचा, थांबण्याचा सराव घ्यायलाच हवा. स्पर्धेसाठी नवे कोरे बूट देणे तर साफ टाळावे.

सत्र पद्धत आल्यापासून आणखी एक पेच पडला आहे. हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि विभागीय स्पर्धा एकाच सुमारास येतात. मोठ्या विद्यापीठाकडे तोडीस तोड दुसरा खेळाडू असतो. एका जिल्ह्याच्या विद्यापीठात मुख्य चढाईपटू पेपरसाठी मागे राहिला की अर्धा संघच बसतो. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात क्रीडा व शारीरिक शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे, पण खेळाडूंच्या फेरपरीक्षेचा निर्णय परीक्षा विभागाशी बोलून संघ रवाना होण्याआधी लेखी घ्यावा लागतो, कारण निकाल राखून ठेवला गेला तर पुढच्या वर्षीचा प्रवेश अडतो आणि प्रवेश नसेल तर तोच खेळाडू पुढच्या हंगामात अपात्र ठरतो.