आमच्या घराण्याचे पाय

आमच्या घरात तीन पिढ्यांची चप्पल एकाच जागी झिजते, पुढं अंगठ्यापाशी. आजोबा, पप्पा आणि मी, तिघंही गुडघा जरा जास्तच उचलून चालणारे, तरी उंबऱ्याला ठेच ठरलेली, आणि महाद्वार रोडच्या गर्दीत कोल्हापुरी पायातनं कधी निसटली ते चार पावलं पुढं गेल्यावर कळणार. घरात एकच उत्तर, आमच्या घराण्याचे पायच असले. झालं, विषय कट.

मी मात्र लय डॉक्टर फिरलो. शुगर नॉर्मल, बी-१२च्या गोळ्या खाऊन झाल्या, कंबरेचा एमआरआय झाला, एकानं तर वजन कमी करा म्हणून सांगितलं (तांबडा-पांढरा खाणाऱ्या गावात हे कुणालाही सांगून चालतं). अशी दहा वर्षं गेली. पप्पांचे पाय बघू म्हणून कुणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ते सांगायचं सुचलं नाही.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी मोजे काढायला लावले आणि पहिलाच प्रश्न, घरात अजून कुणाचे पाय असे आहेत? तळव्याची कमान उंच, बोटं आकड्यासारखी वळलेली, पिंढऱ्या काटकुळ्या. आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ, शॉर्टमध्ये सीएमटी. टूथ ऐकून मला वाटलं दाताचं काहीतरी असणार, पण ती तीन डॉक्टरांची आडनावं आहेत, दोघं फ्रान्सचे आणि एक इंग्लंडचा, १८८६ साली त्यांनी हा आजार लिहून ठेवला. साधारण २५०० माणसांत एकाला असतो म्हणतात, म्हणजे एवढ्या मोठ्या कोल्हापुरात मी काय एकटा नसणार.

आत काय होतं तर, नस (रक्ताची नव्हे, सिग्नल नेणारी) म्हणजे वायर समजा, वरनं मायलिनचं आवरण. त्या आवरणाला लागणारं एक प्रोटीन पीएमपी२२ नावाच्या जीनवरनं बनतं. हा जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, आईकडनं एक आणि वडलांकडनं एक अशा दोन कॉपी. सीएमटीच्या सगळ्यात कॉमन प्रकारात त्या तीन असतात, १९९१ साली हे सापडलं. एक कॉपी जादा झाली तर बिघडलं काय असं वाटेल, पण मीठ जादा झाल्यावर रस्सा बिघडतोच की. आवरण नीट बनत नाही, सिग्नल रेंगाळतो. हाताच्या नसेत तो सेकंदाला ५० मीटरच्या वर पळायला पाहिजे, या प्रकारात ३८च्या खाली, कित्येकांचा तर २०च्या आसपास, म्हणजे हायवेवर १८०नं जाणारी गाडी ७२वर आली. आणि हळूहळू आतली तारही झिजते, सगळ्यात लांब असते तीच आधी. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतची तार जवळपास मीटरभर, म्हणून सुरुवात पायापासनं, हाताचा नंबर नंतर. पाऊल कुठं पडलंय याची खबरही वर नीट पोचत नाही, त्यामुळं रात्री लाईट गेली की मी भिंत धरूनच.

आजार बरा करणारं औषध अजून नाही. फिजिओ, पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट, काहींना ऑपरेशन. पण नाव कळल्याचा फायदा आहेच, कॅन्सरचं विनक्रिस्टीन नावाचं औषध आम्हाला चालत नाही, नसा झटक्यात बिघडू शकतात, ते आता फाईलवर लाल पेनानं लिहून ठेवलंय. आणि कोल्हापुरी सोडून मागं पट्टा असलेलं सँडल घेतलं, याचं दुःख जरा जास्तच झालं.

या प्रकारात पोराबाळांत उतरायचा चान्स प्रत्येक वेळी निम्मा. पोरगी नऊ वर्षांची आहे, पळते मस्त. त्रास नसताना एवढ्या लहान वयात जीन टेस्ट नको, मोठी झाल्यावर तिचं तीच ठरवेल म्हणाल्या मॅडम. पटलं मला. तरी ती अंघोळ करून आली की फरशीवरचा ओला ठसा पुसायच्या आधी मी बघतोच, मधला भाग उमटलाय का ते.