कारखान्याच्या कचऱ्यातली घातक सेंद्रिय रसायनं: टेस्टिंग

सेंद्रिय म्हटलं की आपल्याला सेंद्रिय गूळ आठवतो, इथं मात्र अर्थ उलटाच, म्हणजे बेन्झीन, क्लोरीनवाले सॉल्व्हंट (विरघळवायला वापरायचे द्रव), फिनॉल, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं क्लोरीनचं रसायन), पीएएच (डांबर-धुरात असणारी रसायनं) असली कार्बनची रसायनं. मुंबईच्या आसपास तळोजा, टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा), अंबरनाथ, डोंबिवली या पट्ट्यात केमिकल आणि फार्माचे कारखाने भरपूर, त्यांच्याकडून ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटचा गाळ, डिस्टिलेशनचा तळातला डांबरासारखा माल, गाळायला वापरून झालेला कार्बन असा कचरा निघतो आणि तो कुठं न्यायचा हे ठरवायच्या आधी टेस्ट करावा लागतो. नियम २०१६ च्या घातक कचरा नियमांचे, मर्यादा त्यातल्या शेड्यूल २ मध्ये.

टेस्टचे प्रश्न दोन, आणि लोक ते हमखास एकत्र करतात. एक, कचऱ्यात रसायन एकूण किती आहे. दोन, पाणी लागलं तर त्यातून किती सुटेल. दुसऱ्यासाठी टीसीएलपी, म्हणजे कचऱ्यातून काय झिरपतं ते बघायची टेस्ट. साडेनऊ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेला कचरा, त्याच्या वजनाच्या २० पट सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाचं द्रावण, बाटली मिनिटाला ३० फेरे या वेगानं साधारण १८ तास फिरवायची, मग गाळून त्या पाण्यात काय उतरलं ते मोजायचं. आम्ल अशासाठी की डंपिंगवर ओला कचरा कुजला की असलंच आंबट पाणी तयार होतं. या पाण्यात बेन्झीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम झालं की कचरा घातक.

उडून जाणाऱ्या रसायनांना साधी बाटली चालत नाही, वर हवा राहिली की माल त्या हवेत जातो, म्हणून पिस्टनवाला बंद डबा वापरतात, त्याला झिरो हेडस्पेस म्हणतात. एकूण प्रमाणासाठी जड, म्हणजे सहज न उडणारी रसायनं सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात गरम सॉल्व्हंटनं परत परत १६ ते २४ तास धुवून काढतात, त्यातला तेलकटपणा सिलिका किंवा फ्लोरिसिल या पावडरींनी काढतात आणि शेवटी जीसीएमएस, म्हणजे रसायनं वेगळी करून ओळखणारं आणि मोजणारं मशीन.

सगळे कौतुक करतात त्या मशीनचं, पण खरा घोळ सँपल घेतानाच होतो. ड्रममध्ये वर पाणी, खाली घट्ट गाळ, आणि कोणी वरवरचं खरवडून आणलं तर रिपोर्ट अगदी स्वच्छ येणार. वरपासून तळापर्यंत नळीनं घ्यायचं, ढीग असेल तर मिसळून चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत कमी करत जायचं. पण बेन्झीनसारख्यांसाठी हे मिसळणं अजिबात नाही, मिसळतानाच बरंच उडतं, ते थेट छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ, टेफ्लॉनच्या बुचानं बंद. प्लास्टिकची बाटली नको, ती सॉल्व्हंट शोषते आणि वर स्वतःचं थॅलेट (प्लास्टिक मऊ करायचं रसायन) सोडते. मग ४ अंशाच्या आसपास थंड. मे महिन्यात अंबरनाथहून आइसबॉक्स निघाला आणि शिळफाट्याला अडकला की बर्फाचं पाणी होतं, म्हणून बर्फ दुप्पट भरायचा. लॅबमध्ये पोचल्यावर आतलं तापमान मोजून नोंदवतात. सोबत कोऱ्या, म्हणजे शुद्ध पाण्याची एक बाटलीही फिरून येते, तिच्यात सॉल्व्हंट सापडला तर तो कचऱ्यातला नाही, प्रवासातला किंवा लॅबमधला.