घाबरलेल्या माणसाला डोळे मिटायला सांगू नका

ध्यान म्हणजे काय हे मुंबईकराला नव्याने सांगायला नको. ओळखीतलं कोणी ना कोणी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेलं असतं, गोराईचा पॅगोडा तर आपण सहलीला जाऊनही पाहिलेला असतो. बसायचं, डोळे मिटायचे, श्वासाकडे बघायचं.

घोळ पुढे होतो. कुणाचा जीव घाबरला, छातीत धडधडायला लागलं, की भोवतालचे सगळे हेच औषध पाजतात: "डोळे मीट, खोल श्वास घे, मन शांत कर." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अशा वेळी जे करायचं त्याला समुपदेशक 'ग्राउंडिंग' म्हणतात, आणि ते जवळपास याच्या उलट आहे.

ध्यानात लक्ष आत न्यायचं असतं. घाबरलेल्याचं लक्ष आधीच आत अडकलेलं असतं: ठोका चुकला का, श्वास पुरतोय का, आता चक्कर येणार का. त्याला डोळे मिटायला लावले की बघायला तेवढंच उरतं. ग्राउंडिंगमध्ये डोळे सताड उघडे ठेवायचे आणि लक्ष बाहेर काढायचं, हाताला लागणाऱ्या, डोळ्याला दिसणाऱ्या वस्तूंवर.

गेल्या पावसाळ्यात विरार फास्टमध्ये, लेडीज डब्यात, अंधेरी सुटल्यावर चौथ्या सीटवरची कॉलेजातली मुलगी घामाने डबडबली. बोटांना मुंग्या येतायत म्हणाली. तीन बायकांनी एकदम सुरू केलं, "मोठा श्वास घे बाळा, अजून मोठा." ती बिचारी भात्यासारखी श्वास ओढत राहिली आणि मुंग्या ओठांपर्यंत पोचल्या. असे भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो; मुंग्या आणि गरगरणं त्यानेच वाढतं. तेवढ्यात क्लिपवाली आली. तिच्याकडचा एक पुठ्ठा मी मुलीच्या हातात दिला आणि विचारलं, "यात हिरव्या किती?" तिने माझ्याकडे वेडी आहे का ही, असं पाहिलं. मग मोजल्या. चार. मोती लावलेल्या? दोन, पण एकीचा मोती पडलेला. मग खिडकीबाहेरच्या पाट्या वाचायला लावल्या: गोरेगाव, मालाड. कांदिवली येईपर्यंत श्वास आपोआप खाली बसला होता. मन शांत कर, असं तिला कुणी म्हणायची वेळच आली नाही.

पाच गोष्टी बघा, चार स्पर्श करा, तीन ऐका, दोन वास, एक चव, हा प्रकार सगळीकडे फिरतो. चांगला आहे, पण आकडे पाळायचा अट्टहास कशाला? सहाच्या गर्दीत चव कसली घेणार? मला पाट्या बऱ्या. श्वासाचंच काही करायचं असेल तर घेण्यापेक्षा सोडण्यावर भर द्या: चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा.

शिवाजी पार्कात अनवाणी चालण्यालाही हल्ली ग्राउंडिंग म्हणतात. तो वेगळा विषय, चालायला छान. रील्स बघत बसणं मात्र ग्राउंडिंग नव्हे. त्यात आपण आहोत त्या जागेवरून निघून जातो, इथे परत यायचं असतं.

ध्यान वाईट नाही. मी स्वतः सकाळी वीस मिनिटं बसते. पण ते स्वस्थ असताना करायचं; बुडणाऱ्याला पोहण्याचा क्लास लावत नाहीत. पाट्या वाचायची सवयही बरं असतानाच लावून घ्या, म्हणजे ऐन वेळी आठवते.

आणि छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, हाता-जबड्यात कळ जात असेल, तर क्लिपा मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. भीतीचे झटके वारंवार येत असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.