आर्यभटाचे ३४३८ आणि रेडियन

अकरावी-बारावीच्या मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘पाय म्हणजे १८०’. हे चूक आहे. पाय ही ३.१४१५९… अशी साधी संख्या आहे. खरं वाक्य ‘पाय रेडियन म्हणजे १८० अंश’ असं आहे. ‘रेडियन’ हा शब्द गाळला की कॅल्क्युलेटरवर साइन ३० दाबल्यावर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं आणि मुलं यंत्र बिघडलं म्हणतात. यंत्र शाबूत असतं. ते ३० रेडियन, म्हणजे वर्तुळाच्या पावणेपाच फेऱ्यांहून थोडा जास्तच कोन घेत असतं.

वर्तुळाचे ३६० भाग माणसानं सोयीसाठी पाडले. बाबिलोनी लोक साठाच्या पटीत मोजत, शिवाय ३६० ला भागणाऱ्या संख्या भरपूर. राशीही त्यातलीच : ३० अंशांचा एक तुकडा. कोन मोजायच्या या एककाला माणसाचा स्वभाव आणि लग्नाचा योग ठरवायला लावणं मला पटत नाही.

रेडियनला असा ठरवलेला आकडा लागत नाही. ताटाच्या त्रिज्येएवढा दोरा कापा आणि ताटाच्या काठावर ठेवा. दोऱ्याच्या दोन टोकांपासून मध्यापर्यंत रेघा ओढल्या की मध्याशी होणारा कोन एक रेडियन. ताट लहान असो वा परात मोठी, तो ५७ अंश १७ कला ४५ विकलाच भरतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला).

आता माझ्या आवडीचा भाग. इसवी सन ४९९ चा संदर्भ देणाऱ्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात ‘ज्या’ या मापाचं कोष्टक आहे. ज्या म्हणजे आजचं साइन, पण त्रिज्येनं गुणलेलं. ही त्रिज्या ३४३८. हाच आकडा का? वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, म्हणून परीघ २१,६०० कला. आर्यभटानं परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर ६२,८३२ ला २०,००० दिलं आहे. त्यावरून त्रिज्या निघते ३४३७.७, म्हणजे ३४३८ कला. त्रिज्येची लांबीही कोनाच्याच मापात मोजली! आणि एका रेडियनमध्ये नेमक्या इतक्याच कला असतात.

म्हणून ‘आर्यभटानं रेडियन शोधला’ असं म्हणणं मात्र अतिशयोक्ती होईल. त्रिज्येएवढ्या कंसाचा कोन हेच एकक मानायची कल्पना इंग्रज गणिती रॉजर कोट्सनं १७१४ च्या सुमारास मांडली आणि ‘रेडियन’ हा शब्द १८७३ मध्ये बेलफास्टला जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत छापला गेला. पण आर्यभटाच्या कोष्टकातून काय दिसतं ते पाहा. काटकोनाचे २४ भाग, प्रत्येक २२५ कलांचा. पहिला कंस २२५, त्याची ज्या २२५. दुसरा ४५०, ज्या ४४९. तिसरा ६७५, ज्या ६७१. शेवटचा ५४००, म्हणजे तीन राशी, आणि त्याची ज्या ३४३८. ‘त्रिज्या’ हा आपला शाळेतला शब्द याच ‘तीन राशींच्या ज्ये’तून आला आहे.

पहिल्या ओळीत कंस आणि ज्या सारखेच आहेत, कारण लहान कंस जवळजवळ सरळच असतो आणि दोन्ही एकाच मापात मोजले आहेत. रेडियनमध्येही हेच होतं : ०.०१ चं साइन जवळजवळ ०.०१. म्हणूनच कलनशास्त्रात साइनचं विकलज स्वच्छ कोसाइन येतं. अंश वापरले तर दर वेळी ०.०१७४५ हा गुणक चिकटतो, दुसऱ्यांदा विकलन केलं की त्याचा वर्ग, आणि लंबकाच्या साध्या समीकरणातही तो पाठ सोडत नाही.

याचा उपयोग घरच्या घरी करता येतो. डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर पट्टी धरली की तिचा एक सेंटिमीटर एक अंशाएवढा दिसतो. चंद्राला अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जास्त जागा लागते, सरासरी ३१ कला. ३४३८ ला ३१ नं भागा : जवळपास १११. चंद्र त्याच्या व्यासाच्या इतक्या पट दूर आहे. त्याचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आणि व्यास ३,४७४; भागाकार येतो सुमारे ११०.७.