शाळेतलं पुस्तक घरी न्यायचंय? अर्ज कुणाकडे, कागद कोणते

‘सर, लेकराला लायब्ररीचं कार्ड काढायचंय, आधार आणू का?’ शाळा उघडली की हा प्रश्न ठरलेला. मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, ग्रंथालयाचा प्रभारही माझ्याकडेच आहे. माझं उत्तर दरवर्षी तेच: आधार नको, रेशनकार्ड नको, उत्पन्नाचा दाखला तर नकोच नको. ज्याचं नाव हजेरीपटावर, तो ग्रंथालयाचा वाचक. पात्रता एवढीच.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीतच लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, गोष्टींची पुस्तकंसुद्धा. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. शाळेत कोणते वर्ग आहेत त्यावर वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत. तेव्हा पुस्तक मागताना ओशाळायचं कारण नाही.

अर्ज कोऱ्या कागदावर चालतो. विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक, पालकांचा मोबाईल नंबर आणि सही. मुख्याध्यापकांच्या नावे लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. काही शाळा एक फोटो मागतात, तो कार्डावर चिकटवण्यापुरता. पुस्तक हातात पडलं की आतल्या पानावरचा शिक्का बघा. त्यात पेनाने एक आकडा लिहिलेला असतो, तो दाखल क्रमांक. देवघेव रजिस्टरात नावापुढे हाच आकडा लिहिलाय का, ते सही करण्याआधी पोरानं स्वतः ताडून बघावं. एकाच गोष्टीच्या पाच प्रती असतात. ४१२ नेलं आणि रजिस्टरात ४२१ पडलं, की मार्चमध्ये न नेलेल्या पुस्तकाचा तगादा लागतो. ही चूक माझ्याच हातून झालेली आहे, म्हणून सांगतो.

खरी अडचण कागदांची नाही, कपाटाच्या कुलपाची आहे. पुस्तकं साठा नोंदवहीत चढलेली असतात. बदली झाली की मोजून चार्ज द्यावा लागतो आणि कमी भरलं तर अंगावर येईल ही धास्ती. मग सोपा उपाय म्हणजे पुस्तक द्यायचंच नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, अब्दुल कलामांच्या जयंतीचा. आपल्या राज्यात २०१५ पासून साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडतं, फोटो निघतो, ग्रुपवर जातो आणि १६ तारखेला पुन्हा कुलूप. हाताळून फाटलेल्या पुस्तकांची यादी करून, ठराव घेऊन, वरिष्ठांच्या मंजुरीने निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करता येतात. मास्तर लोकांनी ही वाट वापरावी. कोरी करकरीत राहिलेली पुस्तकं मला तरी शाळेची शोभा वाटत नाहीत.

शाळा पुस्तक देतच नसेल तर आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी द्या. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे तुमच्याच गल्लीतले. तिथं काही हललं नाही तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, व्यवहारात ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

पुस्तक हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यावं किंवा किंमत भरावी, पावती घ्यावी. मात्र त्यासाठी आठवीपर्यंतच्या मुलाची टीसी अडवून ठेवणं बरोबर नाही. कलम ५ सांगतं की मुख्याध्यापकांनी टीसी लगेच द्यायची, आणि टीसीला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. पुस्तकाचा हिशेब वेगळा, दाखला वेगळा.

दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाठोपाठ पोरंही. जे सोबत जाणार आहेत त्यांचं शिक्षण हमी कार्ड शाळेतून आठवणीने घ्या, कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेताना ते दाखवायचं. मी अशा पोरांना दोन पुस्तकं परतीची तारीख न घालता देतो. रजिस्टरात शेरा मारतो, ‘कारखान्यावर’. काही परत येतात, काहींना पाचटाचा वास येतो, एखादं येतच नाही.

आता प्रकल्पाचं. ‘आमच्या तालुक्याचा इतिहास’ हा विषय आठवी-नववीत हमखास येतो आणि शाळेच्या कपाटात त्यावर काहीच नसतं. अशा वेळी जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, बघावं. राज्याच्या गॅझेटिअर विभागाच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं, नोंदणी लागत नाही. पण हिंगोलीचं पोरगं ‘हिंगोली’ शोधत बसतं आणि जुन्या खंडांत त्याला काही सापडत नाही, कारण हिंगोली जिल्हा झाला १९९९ ला. त्याचं गाव परभणीच्या १९६७ च्या खंडात आहे. लातूर १९८२ ला वेगळं झालं, ते उस्मानाबादच्या खंडात बघायचं. जालना १९८१ चं. बराचसा भाग औरंगाबादमध्ये, पण परतूरकडचं परभणीत. बीडचं इंग्रजी स्पेलिंग तिथं बी-एच-आय-आर असं आहे. हे खंड इंग्रजीत आहेत, तेव्हा इंग्रजीच्या बाईंना सोबत घ्या. आणि आकडे त्या काळचे आहेत, ते आजचे म्हणून वहीत उतरवू नका. मराठीतून हवं असेल तर मराठी विश्वकोशही ऑनलाइन मोफत आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण मराठवाड्यातले लोक निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे महसुलाचे जुने कागद बरेचसे उर्दूत. शाळकरी प्रकल्पासाठी तहसीलमध्ये नकलांच्या मागे लागू नका. घरात असलेला एखादा कागद गावातल्या उर्दू जाणणाऱ्या आजोबांकडून वाचून घ्या, ते जास्त उपयोगाचं.

छापील संदर्भग्रंथ हवे असतील तर गावातलं किंवा तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय विभागीय ग्रंथालय. तिथं रीतसर सभासद व्हावं लागतं: छापील अर्ज, फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत आणि वर्गणी. पोर अठराच्या आतलं, म्हणून पालकांची सही. विद्यार्थी असल्याचा पुरावा म्हणून शाळेचं बोनाफाईड जोडा. आधार लागलाच तर इथं लागेल. अनामत आणि वर्गणी प्रत्येक ठिकाणी वेगळी, जाण्याआधी विचारून घ्या आणि अनामतीची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना ती मागतात.

मोबाईलवर वाचणार असाल तर राष्ट्रीय ई-पुस्तकालय आहे. नॅशनल बुक ट्रस्टचं, मोफत, पुस्तकं वयोगटाप्रमाणे लावलेली. खरगपूर आयआयटीची नॅशनल डिजिटल लायब्ररीही मोफतच. खातं उघडायला ई-मेल लागतो, तो पालकांचा द्या. ओटीपी सांगायला त्या वेळी पालक घरी असावेत. आमच्याकडे पंधरा पोरांची नोंदणी यापायीच दोन दिवस रखडली, सगळ्यांचे फोन रानात.